कोऱ्या निघालेल्या काचा

नांदेड
२ मे २०२४

मामी, शरणार्थ.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी बोलता बोलता तुम्ही गप्प झालात आणि मी इकडून हॅलो हॅलो करत बसले. मग तुम्हीच म्हणालात, पत्र लिहीत जा, पत्रात गप्प बसलं तरी कुणी हॅलो म्हणत नाही. म्हणून लिहिते.

एक अडचण आहे. विद्यापीठात आमच्या विभागात वायरिंगचं काम निघालंय. सहा तारखेपासून महिनाभर लाईट येणार-जाणार. फ्रीजरसाठी जनरेटर लावणार आहेत आणि आमचा शिपाई पंढरी तो सांभाळणार आहे. पण माझ्या कामाची एक बाटली आहे, अंगठ्याच्या पेराएवढी, आत थेंबभर औषध. परदेशातून यायला आठ महिने लागले. ती गार राहिली नाही तर संपलीच. मला जनरेटरचा भरवसा वाटत नाही. होस्टेलवर फ्रीज नाही. लातूरला आईकडे नेली तर आई विचारेल, हे काय गं, आणि सांगितलं की बाटलीसकट मलाच बाहेर काढेल. तुमच्याकडे मामांनी बसवलेला इन्व्हर्टर आहे. सहा तारखेला लातूरच्या बसने निघते, चाकूरला उतरून बर्फाच्या कप्प्यात ठेवून जाईन. दहा जूनला घेऊन जाईन.

खरं तर अशी वस्तू विभागाबाहेर न्यायची नसते. माझे मार्गदर्शक अमरनाथ सर, त्यांना सांगितलेलं नाही. पंढरीलाही नाही.

मामा असते तर आधी विचारलं असतं, हे कशासाठी? म्हणून सांगते. आपल्या न्हाणीपाशी येतो तो खडबडीत बेडूक, पुस्तकात त्याला भेक म्हणतात. त्याच्यासमोर काही हललं की त्याला ठरवावं लागतं, हे खायचं की याला भ्यायचं. डोळ्यातून निरोप मेंदूच्या वरच्या भागात जातो. त्या भागाच्या पुढे काही पेशी असतात, त्या म्हणतात, थांब, हे खाणं नाही. हा 'थांब' ज्या रसायनांतून पोचतो त्यात एक न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं असावं, असं बाहेरच्या लोकांना दिसलंय. आपल्याकडच्या भेकात ते कुठे आहे, किती आहे, ते मला बघायचंय. मेंदूचे पातळ काप काचेवर घ्यायचे, बाटलीतलं औषध त्यावर टाकायचं. जिथे ते रसायन असेल तिथेच औषध चिकटतं. मग रंग दिला की तेवढंच तपकिरी दिसतं.

आईला यातलं काही बोलू नका.

तुमची
मंजुश्री


चाकूर
१९ मे २०२४

चि. मंजुश्री, अनेक आशीर्वाद.

बाटली ठेवल्या जागी आहे. रोज सकाळी कप्पा उघडून बघते. तू म्हणालीस उगीच उघडू नका, म्हणून आता एक दिवसाआड बघते.

तू ठेवून गेलेले छापील कागद वाचले. तुझ्या मामांची नजर गेली ती शेवटची दोन वर्षं मी त्यांना रोज वाचून दाखवायची. शाळेतले विज्ञानाचे मास्तर, त्यांना कादंबरी चालायची नाही. शब्द अडला की ते सांगायचे. सातवीपर्यंत शिकलेली मी, अशी दोन वर्षांत पुढचं शिकले. आता अडलं की थांबते, उत्तर येत नाही, मग कोशात बघते. तुझ्या कागदांना आठ दिवस लागले.

एक विचारायचं आहे. तू औषध म्हणालीस. कागदात लिहिलंय की ते रसायन सशाला टोचतात आणि मग सशाच्या रक्तातून हे काढतात. म्हणजे आपल्या फ्रीजमध्ये सशाचं रक्त आहे. हे तू सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं असं नाही. पण सांगायचं होतं.

सव्वीस तारखेला ह्यांचं वर्ष. मृत्युंजय स्वामी येणार आहेत, त्यांची पाद्यपूजा आणि जेवण. खपली गव्हाची हुग्गी करीन, ह्यांना आवडायची. तुझी आई आदल्या दिवशीच येणार आहे. ती आली की पहिल्यांदा फ्रीज उघडते, तुला माहीत आहे.

गरमी लई आहे. स्लॅब नाही, पत्रे आहेत, दुपारी घरात बसवत नाही.

तुझी मामी
शिवम्मा


चाकूर
१२ जून २०२४

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

परवा तू घाईत आलीस, चहासुद्धा घेतला नाहीस. बस सुटेल म्हणत बाटली घेतलीस आणि गेलीस. नीट पोचलीस ना? बाटली नीट पोचली ना?

वर्षाचा कार्यक्रम चांगला झाला. स्वामी पोटभर जेवले. तुझी आई दोन दिवस राहिली. हुग्गीत गूळ कमी पडला म्हणाली.

न्हाणीपाशी दोन भेक आलेत. कागदात पट्टीचा प्रयोग आहे, तो करून बघावा म्हणते. तुला उपयोग होईल का?

बाकी विशेष काही नाही.

मामी


नांदेड
२० ऑगस्ट २०२४

मामी, शरणार्थ.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लावले, रागावू नका. कामात बुडाले होते. आणि आता जे झालंय ते तुम्हालाच आधी सांगावंसं वाटतं.

माझ्या काचा कोऱ्या निघाल्या! सहाही भेकांच्या. कमिटीने सहाच प्राण्यांची परवानगी दिली होती. त्यांच्या मेंदूचे सगळे काप तपासले. जिथे तपकिरी धागे दिसायला हवेत तिथे काहीच नाही. मी घाबरून सरांकडे गेले. सर तासभर सूक्ष्मदर्शकातून बघत राहिले आणि मग म्हणाले, "मंजुश्री, घाबरतेस काय? ही बातमी आहे. आपल्या भेकात हे नसेल, तर त्याचा 'थांब' दुसऱ्याच रसायनातून जातोय." डिसेंबरच्या परिषदेत मी बोलायचं आहे. सरांनी विभागात पेढे वाटले. पंढरीने दोन घेतले, म्हणाला, "मॅडम, काय दिसलं न्हाई म्हणून पेढे? आमच्या घरी काय दिसलं न्हाई की बायको वरडती."

तुमचा पट्टीचा प्रयोग केलात का? केला असेल तर सगळं वहीत लिहून पाठवा. भेकाचा 'थांब' शाबूत आहे असं तुमच्या वहीतून दिसलं, तर माझ्या बोलण्याला जोर येईल.

मामा असते तर आज चाकूरभर सांगत फिरले असते.

मंजुश्री


चाकूर
२ सप्टेंबर २०२४

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

वही सोबत पाठवते. दिवेलागणीला दारातला बल्ब लावते, त्याखाली किडे जमतात आणि किड्यांमागे भेक येतात. काळ्या पुठ्ठ्याची बोटभर पट्टी केली, दोरा बांधला. पट्टी आडवी, अळी चालते तशी ओढली की भेक वळतो, मान पुढे काढतो आणि जीभ टाकतो. तीच पट्टी, तेवढीच, पण उभी धरून ओढली की बसल्या जागी बसून राहतो. चाळीस वेळा आडवी ओढली, एकतीस वेळा झेपावला. चाळीस वेळा उभी ओढली, दोनदा. मोठा पुठ्ठा पुढे नेला की डोकं खाली घालून दबतो.

शेजारची शिल्पा भिंतीवरून बघत होती. "काकू, बेडकाची दृष्ट काढून राहिलात का?" म्हणाली. मी म्हटलं, हो, लई जण बघून राहिलेत त्याच्याकडे. ती हसत आत गेली आणि सासूला घेऊन आली. आता रोज दोघी भिंतीवर असतात.

म्हणजे 'थांब' आहे, अगदी पक्का आहे.

मंजू, मी यातली कुणी नाही. पण तुझ्या काचा दुसऱ्या एखाद्या कारणाने कोऱ्या निघाल्या असतील का? कागदात असं वाचलं की जिथे ते रसायन आहे हे आधीच माहीत असतं, अशा एखाद्या मेंदूवर तेच औषध टाकून बघतात. तू ते केलंस का? परिषदेत उभी राहायच्या आधी करून बघावंस असं वाटतं. उगीच वाटलं म्हणून लिहिलं.

मामी


नांदेड
१५ ऑक्टोबर २०२४

मामी,

तुम्ही लिहिलं होतं तसं केलं. खरं तर ते आधीच करायला हवं होतं. औषध थोडं, म्हणून मी वाचवायला गेले. दुसऱ्या विभागातून उंदराच्या मेंदूचे काप आणले. तिथे ते रसायन भरपूर असतं, यात शंकाच नसते. तेही कोरे निघाले. औषधच मेलेलं होतं. भेकात सगळं असेल, आम्हाला दिसलं नाही इतकंच. परिषद रद्द. सहा जीव फुकट गेले. नवी परवानगी, नवी बाटली, एक वर्ष गेलं.

पण लिहायचं ते हे नाही.

सरांनी पंढरीला बोलावलं. मेमध्ये जनरेटर त्याच्याकडे होता. सर म्हणाले, "बंद ठेवून झोपला असशील." तो म्हणाला, "न्हाई साहेब. तासातासाला बघत होतो. बर्फ कंदी इतळला न्हाई." सर म्हणाले, "मग बाटली काय उन्हात फिरायला गेली होती?" सगळे हसले. मी तिथेच उभी होते. सरांना वाटतं की बाटली पूर्ण महिना विभागाच्या फ्रीजरमध्ये होती. मी काही बोलले नाही. पंढरी चौदा वर्षं रोजंदारीवर आहे, त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. जाताना किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुमची बाटली कोणत्या खणात होती ते तरी सांगा. मला आठवंना झालंय." मामी, त्याला आठवत नव्हतं, कारण ती तिथे नव्हतीच.

तीन दिवस मी स्वतःला समजावते आहे. मे महिना तर बाटली तुमच्याकडे होती, इन्व्हर्टर होता, तुम्ही रोज बघत होतात. म्हणजे जे झालं ते दहा जूननंतर, इथेच झालं. फ्रीजर जूनमध्येही पंढरीच बघत होता. म्हणजे त्याचीच चूक झाली असणार, मे ऐवजी जून इतकंच. हो ना मामी? तुम्ही एकदा हो म्हणा.

मंजुश्री


चाकूर
२७ ऑक्टोबर २०२४

चि. मंजुश्री,

हो म्हणता येत नाही.

पंचवीस मेला सकाळी, तुझी आई यायच्या आधी, मी बाटली फ्रीजमधून काढली. स्टीलच्या छोट्या डब्यात घातली, ओल्या फडक्यात डबा गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला, पत्र्याखाली. तुझी आई सत्तावीसला दुपारच्या बसने गेली. मग मी डबा काढला. फडकं कडकडीत वाळलेलं होतं. डबा हाताला चटका देत होता. मी बाटली परत बर्फाच्या कप्प्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गोठलेली दिसली आणि मी स्वतःला म्हटलं, काही झालेलं नाही, होती तशी आहे.

का केलं ते सांगते. ह्यांच्या वर्षाला स्वामी जेवणार. त्याच फ्रीजमधलं दही, त्याच फ्रीजमधला आमरस. आपल्या घरात अंडं कधी आलं नाही. उद्या कुणी म्हणेल, विरूपाक्ष मास्तरच्या घरी जंगम स्वामींना सशाच्या रक्ताशेजारचं दही वाढलं. शिल्पाच्या फ्रीजमध्ये ठेवता आली असती. पण मग हे काय, हे सांगावं लागलं असतं.

मला वाचता आलं नसतं तर बाटली जागेवर राहिली असती. औषध म्हणून राहिली असती. ससा मला वाचल्यामुळे कळला. आणि गार राहिली नाही तर मरते, हेही त्याच कागदात त्याच पानावर होतं. मी दोन्ही वाचलं होतं. एक धरलं आणि एक सोडलं.

जूनमध्ये तू आलीस तेव्हा सांगणार होते. तू चहा घेतला नाहीस. हे कारण नाही, पण त्या दिवशी मला ते कारण वाटलं. ऑगस्टमध्ये पेढ्यांचं पत्र आलं. त्यानंतर मी आडून आडून लिहिलं, दुसरं कारण असेल का म्हणून. तूच शोधून काढावंस आणि माझं नाव येऊ नये, असं मला वाटत होतं. तेव्हा मला तुझी भीती होती. पंढरीचा विचारच नव्हता, असा एक माणूस आहे हेही विसरले होते.

तुझं पत्र आल्यावर मी आधी स्वामींकडे गेले. खरं सांगते, ते म्हणतील, शिवम्मा, तू योग्य केलंस, धर्म राखलास, म्हणून गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अहो, मला रोज दोन वेळा इन्सुलिन टोचावं लागतं. ती बाटली मठाच्या फ्रीजमध्ये नैवेद्याच्या दुधाशेजारी असते. मला विचारायचं होतं की." मग म्हणाले, "त्या शिपायाचं काय झालं?"

रक्त घरात नको म्हणून बाटली लपवली, आणि माझ्या हाताने सहा जीव वाया गेले आणि एका माणसाची चौदा वर्षं. मी सरांना सांगणार आहे.

मामी


नांदेड
४ नोव्हेंबर २०२४

मामी,

तुमचं पत्र वाचून राग आला. अजून आहे. एक फोन केला असतात, मी येऊन बाटली घेऊन गेले असते. एक फोन!

पण सरांना सांगू नका. पाया पडते. तुम्ही सांगितलंत की पहिला प्रश्न येईल, बाटली चाकूरला कशी गेली. मग मी काय तोंड दाखवू? वस्तू न विचारता बाहेर नेली, वर एका माणसावर आळ येताना गप्प उभी राहिले. माझं नाव काढून टाकतील.

पंढरी अर्धापूरला त्याच्या मेव्हण्याकडे आहे. केळीच्या घडांच्या गाड्या भरतो म्हणे. काही ना काही करतोच आहे ना.

आणि सांगायचंच असेल तर एक करा. मला कळत नव्हतं, असं म्हणा. गावातली बाई, सातवी शिकलेली, तिला काय कळणार बाटली गार ठेवायची असते ते. भाचीने ठेवायला दिली, मी कामाच्या गर्दीत काढून ठेवली. असं सांगितलं तर कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही, आणि माझीही फार तर थोडी कानउघाडणी होईल. कुणाला खोटं वाटणार नाही.

माझ्यासाठी एवढं करा.

मंजुश्री


चाकूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मंजुश्री,

हे पत्र लातूरला तुझ्या आईच्या पत्त्यावर पाठवते. तू दिवाळीनंतर तिकडे गेली आहेस हे कळल्यावरच मी नांदेडला गेले. तू समोर असतीस तर मला जमलं नसतं.

गुरुवारी सकाळच्या बसने निघाले. विभाग शोधायला वेळ लागला. सर भले आहेत. बसा म्हणाले, पाणी मागवलं. पाणी आणायला कुणी नव्हतं, तेच उठून घेऊन आले. मी सांगितलं, बाटली माझ्या घरी होती आणि मी ती दोन दिवस पत्र्याखाली ठेवली. तू ठेवायला दिलीस हे सांगावं लागलं. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंजुश्रीशी मी बोलेन. पण बाई, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला त्यातलं काय कळणार होतं?"

आणि मंजू, मी मान हलवली. हो म्हणून.

तू सांगितलं होतंस म्हणून नाही. ते इतकं सोपं होतं. त्यांच्या तोंडातून आयतं आलं, मला खोटं बोलावंही लागलं नाही. नमस्कार करून बाहेर आले. रिक्षाने स्टँडवर आले, लातूरच्या गाडीत बसले. कंडक्टर "लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर" ओरडत होता. शेजारच्या बाईने विचारलं, "दवाखान्याला आल्ता का?" मी म्हटलं, न्हाई. "मंग?" म्हणाली. ह्यांची दोन वर्षं आठवली. ते अंधारात बसलेले आणि मी वाचते आहे. एखादं पान कळलं नाही तर मी तशीच पुढे जायची. ते म्हणायचे, "शिवम्मा, कळलं नाही तर कळलं नाही म्हण. पण कळलं असेल तर नाही म्हणू नकोस, नाहीतर मी कुणाच्या डोळ्यांनी वाचू?" गाडी सुटायच्या आत मी उतरले.

सर डबा खात होते. मी दारातच म्हणाले, "मला कळत होतं."

ते म्हणाले, "काय कळत होतं?"

मग मी सांगितलं. ससा, रक्त, ते औषध कशाला चिकटतं, गरमीने ते का बिघडतं, एकदा वितळून पुन्हा गोठवलं तर का चालत नाही. भेकाचा 'थांब' कुठून कुठे जातो तेही सांगितलं. सरांनी घास खाली ठेवला आणि मधे दोन-तीन प्रश्न विचारले, परीक्षेत विचारतात तसे. मला सगळ्यांची उत्तरं आली. छप्पन्न वर्षांत माझ्या वाचण्याची परीक्षा पहिल्यांदा कुणी घेतली आणि मी पास झाले ती हे सिद्ध करायला, की मी जाणून केलं. त्या वेळी लाज काय असते ते मला कळलं. इतके दिवस होती ती फक्त भीती होती.

सर शेवटी एवढंच म्हणाले, "मग हे पंढरीला तुम्हीच सांगायला हवं." त्याचा अर्धापूरचा पत्ता त्यांनी लिहून दिला. विभागातर्फे ते त्याला बोलावणार आहेत.

तुझं नुकसान झालं. ते माझ्यामुळे झालं. तू मला लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

मामी


चाकूर
१९ नोव्हेंबर २०२४

पंढरी यांस, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मंजुश्रीची मामी, शिवम्मा, चाकूरला राहते. ज्या बाटलीसाठी तुमचं काम गेलं ती बाटली मे महिन्यात तुमच्या फ्रीजरमध्ये नव्हती, माझ्या घरी होती. माझ्या घरी कार्यक्रम होता, म्हणून मी ती दोन दिवस पत्र्याखाली माळ्यावर ठेवली. ती तिथे बिघडली. तुमचा जनरेटर बंद पडला नव्हता. तुमचं काही चुकलं नव्हतं.

बाटली गार ठेवायची असते हे मला माहीत होतं. मी वाचलेलं होतं. माहीत असून केलं आणि पाच महिने कुणाला सांगितलं नाही.

हे पत्र कुणालाही दाखवायचं असेल तर दाखवा. माझी सही खाली आहे.

शिवम्मा विरूपाक्ष
चाकूर, जि. लातूर


अर्धापूर
६ डिसेंबर २०२४

शिवम्मा बाईस, पंढरीचा नमस्कार.

तुमचं पत्र पावलं. सरांनी बोलावलं हाय. सोमवारपासून परत जातो. फ्रीजरची किल्ली मात्र घेणार न्हाई म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणाला द्या म्हणलं.

मॅडम इथं येऊन गेल्या. पाया पडाया लागल्या. मी पाय मागं घेतले. लेकीच्या वयाच्या हायेत. त्यांना सरांनी लेखी मागितलंय, त्या लिहून देणार म्हणल्या. लई रडल्या. चहा पाजून गाडीत बसवलं.

तुम्ही लिव्हलं की तुम्हाला माहीत होतं. ते वाचून राग आला. माहीत न्हवतं असं लिव्हलं असतं तर म्हातारं माणूस म्हणून सोडून दिलं असतं. आता तसं सोडता येईना झालंय.

एक सांगतो. ह्या दोन महिन्यांत माझी बायको बी म्हणायची, झोप लागली असंल तुम्हाला, कबूल करा अन् मोकळे व्हा. रोज म्हणायची. मला बी वाटाया लागलं होतं की लागली असंल झोप. तुमचं पत्र तिला दोन बारी वाचून दाखवलं. तवापासून ती माझ्याकडं वर बघून बोलत न्हाई. लाज वाटती म्हणती.

तिला म्हणलं, जाऊ दे.

तुम्हाला अजून म्हणत न्हाई.

पंढरी